किल्ली कोणाकडे? लंडनच्या बागा आणि त्यांच्या दरवाजांचा इतिहास

१.
लंडनच्या मध्यवस्तीत अशा अनेक बागा आहेत, ज्यांच्या कडेने रोज हजारो माणसे जातात. पण आत जाऊ शकत नाहीत. लोखंडी गजांआड हिरवळ दिसते, प्लेनचे जुने वृक्ष दिसतात, एखादा रिकामा बाकही दिसतो. दरवाजाला मात्र कुलूप असते. त्याची किल्ली भोवतालच्या घरांतील रहिवाशांकडे असते. याच शहरात हाइड पार्कसारखी विस्तीर्ण उद्याने आहेत, जिथे कोणीही विनामूल्य जाऊन दिवसभर बसू शकतो.

२.
ही दोन्ही दृश्ये एकाच शहरात कशी नांदतात? लंडनची उद्याने राजांनी प्रजेला दिलेली भेट आहे, असे सर्रास मानले जाते. इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. तिथला एकेक दरवाजा वेगळ्या कारणाने उघडला : कुठे पैसे मोजून, कुठे खटला लढून, कुठे रोगराईच्या धास्तीने, तर कुठे जमावाच्या रेट्याने. उघडलेले दरवाजे पुन्हा बंदही झाले. चार शतकांची ही कहाणी त्या दरवाजांचीच आहे.

३.
सुरुवात हाइड पार्कपासून. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने ही जमीन वेस्टमिन्स्टरच्या मठाकडून घेतली आणि तिथे हरणांच्या शिकारीसाठी राखीव रान केले. पुढे १६३७ मध्ये पहिल्या चार्ल्सने ते सर्वसामान्यांना खुले केले. मात्र त्याच वर्षी, त्याच राजाने लंडनच्या नैर्ऋत्येला रिचमंड येथे दुसऱ्या मोठ्या रानाभोवती भिंत घातली. तिच्या आत गावकऱ्यांची सामायिक जमीनही गेली. लोकांचा रोष शांत करण्यासाठी त्यांना पायवाटेने जाण्याची आणि सरपण वेचण्याची मुभा ठेवावी लागली. या मुभेचा संदर्भ पुढे येणार आहे.

४.
१६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि इंग्लंडमध्ये प्रजासत्ताक आले. राजाची मालमत्ता ती लोकांची, असे आपल्याला वाटेल. घडले उलटेच. १६५२ मध्ये नव्या सरकारने हाइड पार्क विकून टाकले. एप्रिल १६५३ मध्ये जॉन एव्हलिन हा रोजनिशीकार तिथे हवा खायला गेला, तेव्हा नवा मालक प्रत्येक बग्गीमागे एक शिलिंग आणि घोड्यामागे सहा पेन्स वसूल करीत होता. एव्हलिनने रोजनिशीत आपला संताप नोंदवून ठेवला आहे. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि उद्यान पुन्हा राजाकडे आले.

५.
या काळातले एक तथ्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे : राजाच्या उद्यानात लोक जात होते ते त्याच्या मर्जीने. मर्जी फिरली की दरवाजा बंद. अठराव्या शतकात केन्सिंग्टन गार्डन्स फक्त शनिवारी, राजपरिवार दुसरीकडे असताना आणि केवळ नीटनेटक्या पोशाखातील मंडळींसाठी उघडत असे. सैनिक, खलाशी आणि गणवेशातील नोकर यांना मज्जाव होता. बागेत कोण शिरणार, हे कपड्यांवरून ठरत होते.

६.
दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिच्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लोकांच्या वहिवाटीचे सेंट जेम्स पार्क बंद करून राजवाड्यासाठी खासगी बाग करावी, असे तिच्या मनात आले. किती खर्च येईल, असे तिने पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांना विचारले. त्यांनी उत्तर दिले : फक्त तीन क्राउन. क्राउन म्हणजे पाच शिलिंगांचे नाणे, आणि क्राउन म्हणजे राजमुकुटही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही राज्यांचे मुकुट गमवावे लागतील, हा त्या उत्तरातला इशारा होता. बेत तिथेच थांबला.

७.
इशारा किती खरा होता, हे राणीच्याच मुलीने दाखवून दिले. १७५१ मध्ये राजकन्या अमेलिया रिचमंड पार्कची मुख्य रक्षक झाली. तिने परवाना असलेल्या मोजक्या लोकांखेरीज सर्वांना बंदी केली. शतकभर वापरातल्या पायवाटा एका आज्ञेने बंद झाल्या. अर्ज-विनंत्यांचा उपयोग झाला नाही. तेव्हा रिचमंडमध्ये बिअरचा कारखाना चालवणाऱ्या जॉन लुइस या गृहस्थाने वेगळा मार्ग धरला.

८.
१७५५ मध्ये लुइस उद्यानाच्या दरवाजाशी जाऊन उभा राहिला. परवाना असलेली एक बग्गी आत जाताच तोही तिच्यामागून निघाला. मार्था ग्रे ही दरवाजा सांभाळणारी स्त्री. तिने त्याला अडवून दार लावून घेतले. लुइसला हेच हवे होते. अडवणूक झाल्यामुळे आता त्याला न्यायालयात दाद मागता येणार होती. दावा नावापुरता मार्था ग्रेविरुद्ध होता; समोर खरी उभी होती ती राजाची मुलगी.

९.
खटल्याचा निकाल १७५८ मध्ये लागला. पायी जाणाऱ्यांचा वहिवाटीचा हक्क न्यायालयाने मान्य केला. न्यायमूर्ती मायकल फॉस्टर यांनी लुइसला विचारले : भिंतीत दार हवे की भिंतीवरून जाणारी शिडी? लुइसने शिडी मागितली. हरणे बाहेर पडू नयेत म्हणून दार सदैव लावलेलेच राहणार. लावलेल्या दाराला एक ना एक दिवस कडी बसते, आणि बंद दार पाहून नवखा माणूस बिचकून परत फिरतो. शिडीला कुलूप घालता येत नाही, असा त्याचा हिशेब होता.

१०.
शिड्या बसल्या, पण त्यांच्या पायऱ्यांत एवढे अंतर ठेवले होते की धडधाकट माणसालाच चढता यावे. निकालाचे पालन झाले होते आणि हक्क हिरावलाही गेला होता. तक्रार पुन्हा न्यायमूर्तींपुढे गेली. मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढता येईल अशा शिड्या करा, असा आदेश त्यांनी दिला. सार्वजनिक जागेची कसोटी काय असावी, याचे इतके नेमके उत्तर त्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

११.
हक्क नसेल तेथे पैसा चालत होता. टेम्स नदीच्या दक्षिण काठावरील व्हॉक्सहॉल गार्डन्स हे याचे सर्वांत झगमगीत उदाहरण. सतराव्या शतकात तिथे मोफत फिरता येत असे. जोनाथन टायर्सने ही बाग १७२९ मध्ये भाडेपट्ट्याने घेतली, तिचा कायापालट केला आणि पुढे प्रवेशासाठी एक शिलिंग ठेवला. रात्री हजारो दिवे, झाडांखाली जेवणाची दालने, चित्रे, संगीत असा थाट होता. १७३८ मध्ये तिथे संगीतकार हॅन्डेलचा संगमरवरी पुतळा बसला, तोही त्याच्या हयातीत.

१२.
एका शिलिंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. साध्या मजुराच्या एका दिवसाच्या कमाईचा तो मोठा हिस्सा होता. म्हणून गरिबांना ही बाग दुर्मीळ चैन होती. पण ज्याच्या हाती शिलिंग आहे, त्याचे कुळ तिथे कोणी विचारीत नसे. उमराव आणि दुकानदाराचा उमेदवार एकाच वाटेवरून चालत. पलीकडच्या काठावर १७४२ मध्ये उघडलेल्या रॅनेला गार्डन्सने अडीच शिलिंग प्रवेशमूल्य ठेवले, ते अशी सरमिसळ टाळण्यासाठीच उपयोगी पडले. रॅनेला १८०३ मध्ये बंद पडली, व्हॉक्सहॉल १८५९ मध्ये.

१३.
आता सुरुवातीच्या त्या कुलूपबंद बागांकडे वळू. सतराव्या शतकापासून लंडनचे जमीनदार मोकळा चौक सोडून त्याभोवती घरे बांधू लागले. हे चौक आरंभी उघडेच असत. तिथे कचरा पडे, फेरीवाले बसत, उनाडांचा अड्डा जमे. अखेर १७२६ मध्ये सेंट जेम्स स्क्वेअरच्या रहिवाशांनी संसदेकडून कायदा करून घेतला. चौकाची निगा राखण्यासाठी स्वतःवर कर बसवण्याचा आणि चौकाला कुंपण घालण्याचा अधिकार त्यांना मिळाला. पुढे अनेक चौकांनी हाच कित्ता गिरवला.

१४.
रहिवाशांची बाजूही समजून घ्यायला हवी. चौकाची झाडलोट, झाडांची छाटणी, माळ्याचा पगार हे सारे त्यांच्या खिशातून जात होते. बाग टिकली ती त्या पैशामुळे आणि त्या कुंपणामुळे. पण त्याच कुंपणामुळे मागच्या बोळात राहणाऱ्या मुलाला ती कायमची परकी झाली. लंडनची हिरवळ वाचवणारी आणि ती वाटून घेऊ न देणारी व्यवस्था एकच होती, हा या इतिहासातला मोठा पेच आहे.

१५.
एकोणिसाव्या शतकात शहर बेसुमार वाढले. पश्चिमेकडे श्रीमंतांची वस्ती आणि राजाची उद्याने. पूर्वेकडे गोदी, कारखाने आणि दाटीवाटीची घरे. दूषित हवेतून रोग पसरतात, असा त्या काळचा समज होता. १८३९ मध्ये विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाने मृत्युनोंदींच्या आधारे मांडले की, ईस्ट एन्डमध्ये उद्यान केल्यास हजारो जीव वाचतील. रोगाच्या कारणाविषयीची समजूत चुकीची होती. पूर्वेकडे माणसे अधिक मरत होती, हे मात्र खरे होते.

१६.
१८४० मध्ये ३०,००० लोकांच्या सह्यांचा अर्ज व्हिक्टोरिया राणीकडे गेला. पुढच्याच वर्षी कायदा झाला. जमिनीसाठी लागणारा पैसा उभा करताना सरकारने पश्चिम लंडनमधील यॉर्क हाउस या प्रासादाचा भाडेपट्टा सदरलंडच्या ड्यूकला ७२,००० पौंडांना विकला. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क खुले झाले. नाव राणीचे असले तरी लोक त्याला ‘पीपल्स पार्क’ म्हणू लागले. फुलांच्या ताटव्यांइतकीच तिथली भाषणे गाजली. चार्टिस्ट आणि समाजवादी वक्त्यांचे ते हक्काचे मैदान झाले.

१७.
तिसऱ्या प्रकारच्या बागा होत्या ज्ञानासाठी. औषधविक्रेत्यांच्या संघाने १६७३ मध्ये चेल्सी येथे औषधी वनस्पतींची बाग लावली. १७२२ मध्ये जमिनीचा मालक हान्स स्लोन याने ती वर्षाला पाच पौंड भाड्याने कायमची दिली. अट अशी की, बागेत वाढवलेल्या ५० वनस्पतींचे नमुने दरवर्षी रॉयल सोसायटीला द्यावेत. एकूण संख्या २,००० होईपर्यंत. या बागेच्या भिंतीआड सामान्य माणसाला नियमित प्रवेश मिळायला १९८३ साल उजाडावे लागले.

१८.
क्यू गार्डन्स १८४० मध्ये राजघराण्याकडून सरकारकडे आली आणि पहिले संचालक विल्यम हूकर यांनी ती लोकांना खुली केली. त्यांचे पुत्र जोसेफ हूकर संचालक झाले, तेव्हा वाद पेटला. सकाळचा वेळ संशोधनाचा, म्हणून लोकांनी दुपारनंतर यावे, असा त्यांचा आग्रह होता. बाग सरकारी पैशावर चालते, मग सकाळी दार बंद का, असा स्थानिकांचा सवाल होता. साम्राज्याच्या मळ्यांना हवी असलेली रोपे इथूनच जगभर जात. सिंकोना, म्हणजे क्विनाइन ज्याच्या सालीपासून मिळते ते झाड, भारतात आले त्यातही क्यूचा मोठा वाटा होता.

१९.
दरवाजासाठीचा सर्वांत प्रसिद्ध संघर्ष २३ जुलै १८६६ रोजी झाला. कामगारांना मताधिकार मिळावा यासाठी ‘रिफॉर्म लीग’ने हाइड पार्कमध्ये सभा जाहीर केली. गृहमंत्री स्पेन्सर वॉलपोल यांनी बंदी घालून दरवाजे लावून घेतले. नेते वळून ट्राफल्गर स्क्वेअरकडे गेले. मागे राहिलेल्या गर्दीच्या भाराने मात्र लोखंडी गजांचे कुंपण हलू लागले आणि बघता बघता कोसळले. लोक आत शिरले. पोलिसांशी चकमकी झाल्या, सैन्य बोलवावे लागले.

२०.
मे १८६७ मध्ये लीगने बंदी झुगारून तिथेच सभा घेतली. सरकारने माघार घेतली आणि गृहमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी मताधिकाराचा विस्तार करणारा कायदा झाला. १८७२ च्या कायद्याने हाइड पार्कमधील सभांना नियमांची चौकट मिळाली; ‘स्पीकर्स कॉर्नर’ची परंपरा तिथून स्थिरावली. बाग म्हणजे हवा खाण्याची जागा, एवढीच व्याख्या आता पुरेशी राहिली नव्हती.

२१.
दाट वस्तीत नव्या बागांसाठी जमीन आणायची कुठून? उत्तर मिळाले स्मशानभूमींत. शहरातील दफनभूमी १८५० च्या दशकात आरोग्याच्या कारणास्तव बंद झाल्या होत्या. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेट्रोपॉलिटन पब्लिक गार्डन्स असोसिएशन’ने त्यांच्या बागा करायला घेतल्या. त्यांची आखणी करणारी फॅनी विल्किन्सन ही या व्यवसायातील आद्य स्त्रियांपैकी एक. १८८४ च्या कायद्याने जुन्या दफनभूमींवर इमारती बांधण्यास मनाई झाली. मृतांच्या जागेमुळे जिवंतांना मोकळी हवा मिळाली.

२२.
सेंट पॉल्स कॅथेड्रलपासून जवळच असलेले पोस्टमन्स पार्क १८८० मध्ये अशाच दफनभूमीवर झाले. शेजारच्या टपाल कचेरीतील पोस्टमन तिथे डबा खायला येत, म्हणून ते नाव. १९०० मध्ये चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्या कल्पनेतून तिथे एक भिंत उभी राहिली. इतरांना वाचवताना प्राण गमावलेल्या सामान्य माणसांची नावे तिच्यावरील फरशांवर कोरली गेली. सरदारांच्या अश्वारूढ पुतळ्यांच्या शहरात मोलकरणी आणि कामगारांचे हे स्मारक आजही वेगळे उठून दिसते.

२३.
खासगी बागा उघडल्या त्या परिचारिकांसाठी. घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेला निधी हवा होता. एल्सी वॅग यांनी सुचवले की, सुंदर खासगी बागांच्या मालकांनी दार उघडावे आणि माणशी एक शिलिंग घ्यावा. १९२७ मध्ये देशभरातील ६०९ बागा उघडल्या आणि ८,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. ‘नॅशनल गार्डन स्कीम’ आजही चालू आहे. आता तिच्या यादीत प्रासादांच्या जोडीला लंडनमधील चार पावलांची परसबागही असते आणि मालक स्वतः चहा देत रोपांची माहिती सांगतात.

२४.
त्याच दशकात एक धोका समोर आला. मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या बागेवर सिगारेटचा कारखाना उभा राहिला. एन्ड्स्ले गार्डन्सवर इमारती झाल्या. खासगी बाग म्हणजे मालकाला विकता येणारी जमीन, हे लंडनकरांच्या लक्षात आले. चौकशी आयोग नेमला गेला आणि १९३१ च्या कायद्याने ४६१ चौकांना संरक्षण मिळाले. तिथे बाग किंवा क्रीडांगण यांखेरीज काही करता येत नाही. या कायद्याने बागा वाचवल्या. किल्ल्या मात्र होत्या त्यांच्याकडेच राहिल्या.

२५.
दुसऱ्या महायुद्धात लोखंडाच्या गरजेपोटी चौकांचे गज कापून नेले गेले. शतकांनंतर प्रथमच कुंपणे नाहीशी झाली आणि कोणीही या बागांत जाऊ लागले. १९४४ मध्ये मात्र लाकडी कुंपणे दिसू लागली. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात यावर कडवट टिपण लिहिले. गरिबांच्या मुलांना पुन्हा बाहेर ठेवण्याची सोय झाली, हा त्यांचा रोख होता. युद्धाने उघडलेल्या अनेक बागा शांतता येताच बंद झाल्या.

२६.
ही नगररचना मुंबईपर्यंतही पोहोचली. फोर्टातील मोकळ्या ‘बॉम्बे ग्रीन’वर १८६० च्या दशकापासून एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारतींचे वर्तुळ आणि मध्ये बाग असा एल्फिन्स्टन सर्कल आकाराला आला, तो ब्रिटिश शहरांतील चौकांच्या धर्तीवर. स्वातंत्र्यानंतर त्याला बी. जी. हॉर्निमन यांचे नाव मिळाले. भारतीयांची बाजू घेतल्यामुळे १९१९ मध्ये सरकारने ज्यांना देशाबाहेर काढले, ते हे इंग्रज संपादक. त्यांच्या नावाच्या बागेत आज फोर्टातला कोणीही नोकरदार झाडाखाली टेकू शकतो.

२७.
लंडनमध्ये १९९८ पासून उन्हाळ्यात एका शनिवार-रविवारी एरवी बंद असणाऱ्या चौकांतील बागा पाहुण्यांसाठी उघडल्या जातात. एका तिकिटात माणूस दिवसभर बागेमागून बाग पाहत फिरतो. ज्या गजांशेजारून वर्षभर चाललो, त्यांच्या आतल्या बाजूला उभा राहतो. तिथले रहिवासी हौसेने जुनी झाडे दाखवतात. सोमवारी सकाळी त्यांतल्या बहुतेक दारांना पुन्हा कुलूप लागते. रिचमंड पार्कमध्ये मात्र जॉन लुइसने मिळवलेल्या हक्काने सुरू झालेली लोकांची ये-जा चालूच आहे. आता तिथे भिंत चढावी लागत नाही आणि दारात कोणी परवानाही विचारत नाही.